पुसलेली सूज

रिटेककाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नव्हतं. उभा जन्म लोकांच्या लग्नांची शूटिंगं करण्यात गेला, आणि कुठलीही गोष्ट एकदाच करून भागते हे त्यांना कधी पटलं नाही. नवरदेव गाडीतून उतरला की काका त्याला पुन्हा गाडीत बसवायचे, कारण उतरताना त्याने नाक खाजवलेलं असायचं. नवरीची आई रडली की तिला पाणी द्यायचे, डोळे पुसायला लावायचे आणि जरा उजेडाकडे तोंड करून परत रडायला सांगायचे. गंमत म्हणजे ती रडायचीही. काकांच्या आवाजात असं काहीतरी होतं की माणसं निमूट ऐकायची.

दुसरी ख्याती त्यांच्या एडिटिंगची. दुकानाच्या मागच्या खोलीत पडदे ओढून ते कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि एकेक चेहरा साफ करायचे. पुटकुळ्या, घाम, काळी वर्तुळं, जागरणाने सुजलेले डोळे, सगळं जायचं. त्यासाठी कुणी सांगावं लागत नसे आणि कुणी वेगळे पैसेही देत नसे. आठवडाभर पाठ न टेकलेली नवरीची मावशी फिल्ममध्ये स्वतःला बघून मनातल्या मनात खूश व्हायची, आणि आपण दिसतोच तशा असं समजून घरी जायची. घरच्या कार्यात माणूस थकलेला दिसू नये, एवढंच काकांचं म्हणणं होतं. यात काही खोटेपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हाआम्हालाही वाटलं नसतं.

दुकानाच्या पुढच्या भागात, काचेला लागून, काकूंचं शिलाई मशीन होतं. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, आणि उसवलेलं जे काही येईल ते. दिवसभर वाकून बसल्याने त्यांची कंबर संपावर जायची, म्हणून मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं पडलेली असायची. कधी एक घ्यायच्या, कधी दोन. पण घरातल्या कार्याची फिल्म तयार झाली की कंबर वगैरे सगळं विसरून काकू सगळ्यात पुढची खुर्ची पकडायच्या. पडद्यावर स्वतःचा चेहरा आला की जावांकडे, बहिणींकडे एक नजर टाकायच्या, आणि काकांना वाटायचं, आपल्या धंद्याची खरी कमाई ही.

गावातल्या मोठ्या दवाखान्यातल्या किडनीच्या डॉक्टर मॅडमनी काकांना बोलावून घेतलं. त्यांच्या भाचीच्या लग्नाची फिल्म काकांनीच केली होती आणि ती बघताना मॅडम दोनदा रडल्या होत्या, भाचीशी त्यांचं विशेष पटत नसूनही. जो माणूस मला असा रडवू शकतो तो लोकांना मीठ कमी खायलाही लावू शकेल, असा मॅडमचा हिशोब होता.

मॅडमचं दुखणं असं की त्यांच्याकडे माणसं यायची ती किडन्या जवळजवळ कामातून गेल्यावर. मग आठवड्यातून कितीदा तरी डायलिसिसच्या मशीनला जोडून रक्त साफ करून घ्यायचं, नाहीतर कुणाची तरी किडनी मिळण्याची वाट बघत दिवस ढकलायचे. आधी का नाही आलात असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, काही दुखतच नव्हतं. किडनी दुखत नाही हीच तिची खोड आहे, मॅडमनी काकांना समजावलं. वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर, मिठाचा मारा आणि मनानेच घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, यांनी ती मुकाट्याने खराब होत जाते. चेहऱ्यावर आणि पायांवर सूज दिसेपर्यंत बहुतेक वेळा बरंच काही होऊन गेलेलं असतं. खरं तर लघवीची आणि रक्ताची साधी तपासणी केली तर ते कितीतरी आधी कळतं. रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे पेशंट तासन्‌तास बाहेरच्या बाकांवर बसलेले असतात, समोर टीव्ही असतो, त्यावर आवाज बंद करून बातम्या चालू असतात. भिंतीवरची पत्रकं कुणी वाचत नाही. तेव्हा त्या टीव्हीवर हे दाखवायचं.

काकांनी लगेच होकार दिला. लग्नातली मंडळी फिल्म एकदा बघतात आणि कपाटात ठेवतात, ही फिल्म रोज दिवसभर चालणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम कुणाच्या तरी उपयोगाला येणार असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायला लागलं.

पण कॅमेऱ्यापुढे यायला कुणी तयार होईना. डायलिसिस घेणाऱ्यांपैकी फक्त एक निवृत्त मास्तर कबूल झाले. त्यांचे डोळे सुजून बारीक झाले होते, मोजे काढले की नडगीवर मोज्याच्या कडेची रुतलेली खूण दिसायची. हे नीट दाखवा, मॅडमनी काकांना बजावलं होतं, लोकांना सूज म्हणजे काय ते कळू दे. मास्तर मशीनला जोडलेल्या अवस्थेतच छान बोलले. "मी वेळेवर डॉक्टरांकडे आलो असतो," ते म्हणाले, "तर आज तुमच्या कॅमेऱ्यात आलो नसतो."

फिल्ममध्ये घरी काळजी घेणाऱ्या शहाण्या बाईचं काम उरलं होतं. ते काकूंकडे आलं, कारण दुसरं माणूस शोधण्यापेक्षा बायकोला मनवणं सोपं. म्हणजे काकांचा तसा समज होता. प्रत्यक्षात काकूंनी आधी भरपूर भाव खाल्ला, मग स्वतःच ठरवलं कुठला पोशाख घालायचा. सकाळी स्वयंपाकघरात शूटिंग झालं. काकूंनी मिठाची बरणी मागे सारली, खारवलेल्या शेंगदाण्यांची पुडी परत फडताळात ठेवली, आणि गोळीचं पाकीट हातात घेऊन, विचार केल्यासारखं करून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको असं म्हणत खाली ठेवलं. झकास झालं सगळं. कॅमेरा बंद केल्यावर काकूंनी तेच पाकीट उचललं आणि त्यातल्या दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या, कारण इतका वेळ उभं राहून कंबर धरली होती. काका हसले. काकूही हसल्या.

फिल्म तयार झाली तेव्हा काका लॅपटॉप घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. संगीत होतं, मास्तरांचं बोलणं होतं, काकूंचं स्वयंपाकघर सोन्यासारखं चमकत होतं. मॅडम सुरुवातीला मान डोलवत होत्या. मग मास्तर पडद्यावर आले आणि त्यांची मान थांबली.

"मास्तरांच्या डोळ्यांवरची सूज कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

काकांनी अभिमानाने सांगितलं की ती त्यांनी काढली. वयस्कर माणूस, शिक्षक, सगळ्या गावाने बघायचं, तेव्हा चेहरा जरा नीट केला. पायांवरची मोज्याची खूणही नाहीशी केली, त्यात पूर्ण दुपार गेली. बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. जे दाखवायला सांगितलं होतं नेमकं तेच त्यांनी पुसलं होतं, आणि तेही अतिशय मन लावून. मॅडमना हसावं की रागवावं ते कळेना. शेवटी त्या हसल्याच. मास्तरांना तुम्ही नवरदेव केलंत, त्या म्हणाल्या, आता मूळचं शूटिंग दाखवा, त्यातलंच घेऊ.

काकांचे कान लाल झाले होते. त्यांनी घाईघाईने कच्चं शूटिंग उघडलं. मास्तर जसे होते तसे दिसले, मॅडमनी हेच हवंय म्हणून सांगितलं. पुढचा तुकडा आपोआप सुरू झाला. स्वयंपाकघर, खिडकीतून येणारा सकाळचा उजेड, आणि मिठाच्या बरणीकडे हात नेणाऱ्या काकू.

"थांबवा," मॅडम म्हणाल्या. "या कोण?"

"आमची बायको."

"यांच्या डोळ्यांखालची सूजही तुम्ही पुसलीत?"

काका हो म्हणाले. मॅडमनी विचारलं, हे कधीपासून आहे. काकांनी तोंड उघडलं आणि त्यांना जाणवलं की या प्रश्नाचं उत्तर आपल्याला अगदी नेमकं ठाऊक आहे. मेहुणीच्या मुलीच्या लग्नापासून. तेव्हा डोळ्यांखाली हलकासा हात फिरवला की भागत होतं. पुढच्या बारशाला जरा जास्त. पुतण्याच्या लग्नात तर ब्रश मोठा घ्यावा लागला होता आणि काका मनात म्हणाले होते, बाई फार दमते हल्ली. साऱ्या जगात त्या चेहऱ्याकडे त्यांच्याइतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं. एकेका फ्रेममध्ये बघितलं होतं, आणि बघितलेलं सगळं काढून टाकलं होतं.

मॅडमनी घाबरवलं नाही. अशी सूज झोप न झाल्यानेही येते, आणखी दहा कारणं असतात, त्या म्हणाल्या. पण गोळ्या किती घेतात, रक्तदाब कधी मोजलाय का, हे विचारताना त्यांचा आवाज बदलला होता. उद्या सकाळी त्यांना घेऊन या, एवढंच बोलून त्यांनी लघवी तपासायची छोटी बाटली काकांच्या हातात ठेवली.

आता आली का पंचाईत. बाटली देणं सोपं होतं, पण ती का, हे सांगायचं म्हणजे ते दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवायला हवे होते. नुसतं सांगून काकू ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या, मला काय धाड भरलीय म्हणून त्यांनी बाटली परत केली असती. आणि दाखवायचं म्हणजे, पुढच्या खुर्चीत बसून इतकी वर्षं ज्या चेहऱ्यावर त्या खूश झाल्या तो काकांनी बनवलेला होता, हेही दाखवायचं. रस्त्याने येताना काकांनी मनात चार वेगवेगळी वाक्यं तयार केली. दुकानाच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक राहिलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. रस्त्यावर सामसूम होती. काकांनी मशीनवरचा अर्धवट शिवलेला पडदा बाजूला केला, तिथे लॅपटॉप ठेवला आणि दोन्ही चित्रं लावली. एकीकडे फिल्ममधल्या काकू, दुसरीकडे खऱ्या. मग ते शेजारी उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

काकूंनी एका चित्रावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"हे कधीपासून करताय तुम्ही?"

काकांनी सांगितलं.

काकूंनी सुईतला दोरा काढला, परत ओवला. "आपल्या घरात आरसा आहे हो," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी दिसायचं मला. गार चमचा धरून बसायचे डोळ्यांवर. दाखवावं कुणाला तरी, असंही वाटलं होतं. भीती वाटायची. मग तुमची फिल्म बघितली, तर त्यात काहीच नव्हतं. म्हटलं, यांच्या नजरेतून कधी काही सुटत नाही. यांना दिसत नाही, म्हणजे नसेलच."

काकांनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला होता तो मायेने, आणि त्याच हाताने तिला दवाखान्याच्या दारातून मागे फिरवलं होतं. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते तिथेच गणवेशांच्या ढिगावर बसले आणि रडले, कुणी न सांगता. काकूंनी पहिल्यांदा ढिगाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनाही रडू आलं, पण त्या रागावल्याही होत्या.

"गिऱ्हाइकांचं काय पुसायचं ते पुसा," त्या म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक आहे का तुमची?"

संध्याकाळ अबोल्यात गेली. बाटली रात्रभर ओट्यावर तशीच होती. सकाळी काका उठले तेव्हा काकू तयार होऊन बसलेल्या होत्या, ठेवणीतले कपडे घालून, पिशवीत कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन. काका त्यांच्या कपड्यांकडे बघतायत हे कळल्यावर त्यांनी सांगितलं की काय निघायचं ते निघो, मी गबाळी जाणार नाही.

दवाखान्यात काकूंच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. रक्तदाब चांगलाच वाढलेला होता, कोण जाणे केव्हापासून. लघवीतून प्रथिनं जात होती, जी किडनीने अडवायला हवीत. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता तोवर दोघं बाहेरच्या बाकावर बसले. समोरच्या टीव्हीवर कुणीतरी मंत्री आवाज न करता भाषण करत होता. काकूंनी काकांचा हात धरला आणि हात धरूनच विचारलं, दुकानाचं कुलूप नीट लावलंत ना. काका हो म्हणाले. थोड्या वेळाने काकूंनी तेच परत विचारलं.

मॅडमनी दोघांना समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. किडन्या बऱ्याच खराब झाल्या होत्या, रक्तदाबाने आणि गोळ्यांनी मिळून. खराब झालेला भाग काही परत येणार नव्हता. उरलेला जपता येण्यासारखा होता. रक्तदाबाचं औषध रोज, मीठ अगदी बेताचं, खणातल्या गोळ्या आजपासून बंद, कमरेसाठी व्यायाम आणि मधूनमधून तपासणी.

"मशीन?" काकूंनी विचारलं. मास्तरांचं शूटिंग त्यांनी बघितलं होतं.

"आत्ता नाही," मॅडम म्हणाल्या. "नीट राहिलात तर कदाचित कधीच नाही. अजून वर्षभर आला नसतात, तर मी असं म्हणू शकले नसते."

घरी आल्यावर काकूंनी शिलाई मशीनचा खण उघडला, गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरली आणि ती बाहेर टाकून आल्या. मग काकांना फर्मान निघालं की फिल्म नव्याने करायची, आणि शहाण्या बाईचं काम आपण करणार नाही. आपण जी बाई आहोत तिचंच करू.

तेव्हा नव्याने केली. मास्तर होते तसेच दिसले आणि स्वतःला बघून म्हणाले, हा माणूस ओळखीचा वाटतो. काकू सकाळी उठल्या उठल्या, तोंडही न धुता, खिडकीशी स्टुलावर बसल्या आणि मॅडमनी लिहून दिलेला कागद त्यांनी हातातही घेतला नाही. गोळ्यांचं सांगितलं. चमच्याचं सांगितलं. सुजलेला डोळा बोटाने दाखवला. माझं काही दुखत नव्हतं म्हणून मी गेले नाही, त्या म्हणाल्या, आणि माझ्या घरच्या माणसाला मी छान दिसायला हवी होते, मलाही तेच हवं होतं, म्हणून आम्ही दोघांनी मिळून ते झाकलं. तुम्ही सूज यायची वाट बघू नका, रक्तदाब किंवा साखर असेल तर आजच लघवी तपासायला द्या, इथेच डाव्या हाताला खिडकी आहे. या ठिकाणी चित्र जरासं हलतं. काकांनी ते तसंच ठेवलंय.

फिल्म लागली त्या दिवशी दोघं मागच्या बाकावर जाऊन बसले. बरेच लोक फोनमध्ये होते. एक बाई सुरुवातीलाच उठून गेली. काका खट्टू झाले, लग्नाच्या फिल्ममधून कुणी उठून जात नाही. मग काकूंचं बोलणं सुरू झालं, आणि पुढच्या रांगेतल्या एका माणसाने टीव्हीवरची नजर काढून शेजारी बसलेल्या आपल्या बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. नीट, वाकून बघितलं. ती लाजली आणि काय झालं म्हणाली. तो डाव्या हाताची खिडकी कुठे आहे ते मान वळवून शोधायला लागला. काकूंनी काकांना कोपराने ढोसलं.

आता पुढच्या खोलीत सकाळी दुकान उघडायच्या आधी एक नवा रिवाज पडलाय. काकू काचेजवळ, उजेडात, खुर्चीत बसतात आणि पाय काकांच्या मांडीवर ठेवतात. काका नडगीवर अंगठा दाबून धरतात, मग सोडतात आणि खळगा राहतो का, म्हणजे सूज आहे का, ते बघतात. कधी राहतो. राहिला तर ते तसं सांगतात. त्या दिवशी काकू मुकाट्याने फोन करून मॅडमना विचारतात.

कालची तपासणी बरी आली होती. किडन्यांचं काम होतं तिथेच होतं, खाली गेलं नव्हतं. आज सकाळी काकांनी अंगठा दाबला, सोडला, आणि वाकून बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "खळगा नाही. डोळेही बरे आहेत."

"खरं सांगताय ना?"

"खरं."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं, बराच वेळ, काका एकेकाळी त्यांचा चेहरा बघायचे तसं. मग त्यांनी विश्वास ठेवला, पाय खाली घेतला आणि चहा टाकायला उठल्या.